भर पावसात प्रिया चालती ठेवताना

शाळेची नोकरी मालगुंडला आणि घर रत्नागिरीत असल्यामुळे शिरगाव, आरे-वारे, नेवरे, गणपतीपुळे असा समुद्राच्या कडेने जाणारा रस्ता माझ्या रोजच्या पायाखालचा आहे. या रस्त्याने मी जातो तो साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनलेल्या, १९८० च्या दशकातल्या प्रिया स्कूटरवर. टू-स्ट्रोक इंजिन, सुमारे १४५ सीसी, चार गिअर, सहा व्होल्टची वायरिंग आणि मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) आत बसवलेले पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे दोन छोटे संपर्क) असा तिचा सगळा कारभार आहे. ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत तिची काही तक्रार नसते. रत्नागिरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला स्कूटर भर सरीत वरचेवर बंद पडू लागली, तेव्हा सकाळी मेस्त्रींकडे टाकायची आणि संध्याकाळी घेऊन यायची हा नेहमीचा शिरस्ता मोडून शनिवारी दुपारी मी त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसू लागलो. मेस्त्रींना सगळे चाचा म्हणतात आणि ते माझ्यासारख्या मास्तरला सर म्हणतात.

चाचांनी पाना हातात घेण्याआधी विचारले, “बंद पडते म्हणजे कशी पडते? खटकन की गुदमरून?” हा प्रश्न मला पूर्वी कोणी विचारला नव्हता. त्यांचा हिशेब असा, की चालते इंजिन दिवा मालवावा तसे एकदम बंद पडले तर दोष विजेच्या वाटेवर शोधायचा; आणि आचके देत, आवाज बसत, थ्रॉटल दिला तरी न उचलता थांबले तर पेट्रोलच्या वाटेवर शोधायचा. पावसात बंद पडलेल्या स्कूटरच्या इंजिनात पाणी शिरले असावे, असे आपण सरसकट म्हणतो. प्रत्यक्षात या जातीच्या स्कूटरला हवा मिळते ती सीटखालच्या बाजूने, चॅसिसच्या पोकळीतून, आणि ती जागा रस्त्यापासून चांगलीच उंच आहे. पुरात बुडाली नाही तर सिलिंडरपर्यंत पाणी पोचणे अवघड असते. पाऊस बिघडवतो त्या दोनच गोष्टी, ठिणगी आणि पेट्रोल. आणि त्या दोन्हींमागे किनाऱ्यावर आणखी एक कारण असते, ते म्हणजे खारे वारे.

माझी स्कूटर खटकन बंद पडत होती, म्हणून आम्ही विजेपासून सुरुवात केली. चाचांनी गॅरेजचे शटर अर्धे ओढले, दिवा घालवला, इंजिनाकडचे साइड कव्हर काढले आणि इंजिन चालू ठेवून फवारणीच्या बाटलीने प्लगच्या वायरीवर पाण्याचा बारीक तुषार मारला. अंधारात वायरीच्या अंगावरून निळसर रेघा सरसरत कॉइलजवळच्या (कॉइल म्हणजे ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारे वेटोळे) पत्र्यावर उड्या मारताना स्पष्ट दिसल्या आणि त्याबरोबर इंजिन अडखळू लागले. प्लगच्या टोकाशी ठिणगी पडायला हजारो व्होल्टचा दाब लागतो. वायरीला बारीक चिरा गेलेल्या असतील आणि त्यांत ओल असेल, तर दाबाला प्लगपर्यंत जायची गरजच उरत नाही. तो वाटेतच जवळचे लोखंड गाठतो. नुसते पावसाचे पाणी तसे विजेचे फारसे चांगले वाहक नाही. पण आरे-वारेच्या वळणांवर वाऱ्याबरोबर उडून आलेले समुद्राचे तुषार वायरीवर, प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर आणि कॉइलवर वाळून मिठाचा पातळ थर धरतात. त्या थरावर पावसाची ओल चढली की तिची वाहकता कितीतरी पटीने वाढते. देशावरच्या मित्राची अशीच स्कूटर त्याच वयाच्या वायरीवर बिनतक्रार का चालते, ते मला त्या अंधारात उमगले.

यावरचा उपाय ऐकायला विचित्र वाटतो. पावसाळ्यात स्कूटर गोड्या पाण्याने अधिक वेळा धुवायची. धुवायची म्हणजे पाइपाचा फवारा इंजिनावर सोडायचा नाही. कव्हर काढून ओल्या फडक्याने वायर, प्लगवर बसणारी कॅप आणि कॉइल पुसायची, मग कोरड्या फडक्याने पुसायची, आणि प्लगच्या चिनी मातीवरून पेट्रोलचा बोळा फिरवायचा. दर रविवारी मी हे करतो. त्याला चहा पिण्याइतकाच वेळ लागतो.

वायर बदलताना एक गोष्ट जवळून पाहायला मिळाली. जुनी वायर कॅपमधून पिळून बाहेर काढली तेव्हा तिच्या तोंडाशी तांब्याच्या तारा हिरव्या पडून भुसभुशीत झाल्या होत्या आणि चिमटीत धरताच त्यांचा चुरा झाला. कॅपच्या आतल्या स्क्रूने इतके दिवस त्या हिरव्या चुऱ्यालाच धरून ठेवले होते. वायर थोडी लांब ठेवलेली असेल तर दरवर्षी टोकाकडचा सेंटिमीटरभर तुकडा छाटून स्वच्छ तांब्यावर कॅप बसवता येते. माझी आधीच आखूड होती, त्यामुळे कॉइलपासून नवी घातली. बेकेलाइटच्या कॅपवर आतल्या बाजूने पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ दिसली, तीही टाकून दिली. एकदा विजेने अशी वाट पाडली की ती पुसून जात नाही. नवी कॅप बसवताना तिच्या तोंडाशी आणि वायर सिलिंडरवरच्या पत्र्यातून आत शिरते त्या रबरी ग्रोमेटभोवती सिलिकॉन ग्रीस लावले. साधे ग्रीस येथे चालत नाही. ते उष्णतेने पातळ होऊन ओघळते आणि रबर फुगवते.

एवढे करूनही पुढच्याच आठवड्यात स्कूटर पुन्हा बंद पडली, तशीच खटकन. या वेळी मात्र माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. मालगुंडला जाताना ती बंद पडत नव्हती, रत्नागिरीला परतताना पडत होती. रस्ता तोच, चढउतारही तेच, पाऊस दोन्ही वेळा सारखाच. फरक एवढाच, की परतताना समुद्र उजव्या हाताला येतो आणि नैर्ऋत्येचा वारा समोरून, उजवीकडून झोडपतो. मी हे सांगितले तेव्हा चाचा हसले आणि त्यांनी उजव्या मुठीजवळचा दिव्यांचा स्विच उघडला. आत पाणी होते, पितळी पट्ट्यांवर हिरवट-पांढरा मळ होता, आणि इंजिन बंद करायचे बटण त्या मळातच बसलेले होते. या स्कूटरवर इंजिन बंद करताना बटण वीज तोडत नाही. ते पॉइंटकडची वायर बॉडीला जोडते आणि ठिणगीला जमिनीची वाट दाखवते. खाऱ्या पाण्याने ओला झालेला स्विच हेच काम कोणी बटण न दाबता करीत होता. याची परीक्षा रस्त्यावरही सोपी आहे. इंजिनाजवळच्या जंक्शन बॉक्समधून बटणाकडे जाणारी वायर सोडवायची, तिचे टोक कशाला लागणार नाही असे गुंडाळायचे आणि किक मारायची. इंजिन चालले तर दोष स्विचमध्ये आहे. मग इंजिन बंद करायला गिअरमध्ये ब्रेक धरून क्लच सोडावा लागतो, पण माणूस घरी तर पोचतो. स्विच साफ करून आत थोडे ग्रीस लावले आणि खालच्या बाजूला, शिरलेले पाणी निथळून जाईल असे बारीक भोक पाडले.

ते भोक पाडताना चाचा जे बोलले, त्याने माझी सगळी पद्धत बदलली. “पाणी येणारच सर, आपण अडवणारे कोण? गेलेलं बाहेर कसं येईल ते बघा.” तोपर्यंत माझा सारा भर झाकण्यावर होता. प्लास्टिकचा कागद, चिकटपट्टी, शाळेतल्या प्रयोगशाळेतून आणलेले रबरी बूच, असे जे मिळेल ते मी वापरत असे. आता पडवीत स्कूटर लावली की प्लास्टिक घालत नाही. गरम इंजिनावर प्लास्टिक ओढले की आतली वाफ आतच थिजते आणि सकाळी कॉइलवर थेंब दिसतात. त्याऐवजी इंजिनाकडचे कव्हर काढून भिंतीला टेकवून ठेवतो आणि इंजिनाची ऊब निघून जाईपर्यंत वारा खेळू देतो. पागोळ्यांच्या खाली मात्र सायलेन्सरचे तोंड येऊ द्यायचे नाही.

पॉइंटचे काम त्यानंतर झाले. फ्लायव्हीलवरचे, म्हणजे मॅग्नेटोच्या फिरत्या चाकावरचे, झाकण काढले की त्या चाकाच्या खिडकीतून पॉइंट दिसतात. त्यांवर करडी साय धरली होती. बारीक पॉलिश पेपर फिरवून, मग कोऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा दोन पॉइंटमधून ओढून घेतला, कारण पॉलिश पेपरची कच मागे राहिली तर तीच ठिणगीला आडवी येते. फटीच्या मापाची पाती घालून अंतर ०.४ मिमीच्या आसपास ठेवले. प्लगची फट ०.६ मिमी. एवढ्यावर थांबता आले असते. पण चाचांनी पुलर लावून फ्लायव्हील बाहेर काढले आणि प्लेटवरून बाहेर येणाऱ्या वायरींना नख लावून दाखवले. वायरींवरचे वेष्टण वाळक्या सालीसारखे गळून पडले आणि उघडी तार प्लेटला टेकलेली दिसली. उन्हाळ्यात ती टेकूनही निभावत होती, ओल आली की शॉर्ट होत होती. उष्णता सोसणारी नवी वायर आणि वर स्लीव्ह घालून सगळा संच नव्याने डागला. जुन्या मॅग्नेटोच्या स्कूटरवाल्याने पावसाळ्याआधी एकच काम करून घ्यायचे म्हटले, तर मी हे सांगेन. नव्या प्लगवर पैसे घालून लोक इथेच फसतात.

सिलिंडरवरच्या फिन, म्हणजे तो गार राहावा म्हणून असलेल्या पातळ कडा, साफ करणे हे कंटाळवाणे काम आहे, पण जांभ्याचा तांबडा चिखल त्यांत बसून सुकतो आणि वाऱ्याने गार होणाऱ्या इंजिनाला भर पावसात तापवतो. वरचा पत्रा काढून चिखल ब्रशने खरवडला, झाले.

विजेचा भाग निपटल्यावर दुसरा त्रास वर आला, गुदमरण्याचा. इंजिन खटकन थांबायचे बंद झाले, पण पाऊस लागून राहिला की दोन-तीन दिवसांनी ते जड चालू लागे. कार्बोरेटरच्या तोंडाशी येणारा पेट्रोलचा पाइप काढून, टाकीचा कॉक (पेट्रोल चालू-बंद करायची तोटी) उघडून काचेच्या बाटलीत थोडे पेट्रोल घेतले आणि बाटली खिडकीत ठेवली. थोड्या वेळाने तळाशी वेगळ्या रंगाचा थर उतरला. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये पाणी शिरले तर ते मण्यांसारखे तळाशी वेगळे दिसे आणि काढून टाकता येई. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल बाजारात येऊ लागले आणि आता पंपावर बहुधा तेच मिळते. इथेनॉल पाणी पोटात घेते. एका मर्यादेपर्यंत सगळे मिश्रण एकजीव राहते आणि थोडे पाणी असेच जळून जाते. मर्यादा ओलांडली, की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात आणि पेट्रोल वर राहते.

टू-स्ट्रोक इंजिनाला हे चारचाकीपेक्षा अधिक महागात पडते. आपण पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळतो, मी लिटरमागे २० मिली घालतो, आणि क्रँकच्या बेअरिंगला व पिस्टनला मिळणारे सगळे वंगण तेवढेच असते. हे ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहते, खालच्या पाणी-इथेनॉलच्या थरात उतरत नाही. कॉकची नळी मात्र टाकीच्या तळाजवळून ओढते. म्हणजे पावसात इंजिन गुदमरत चालते तेव्हा त्याला नुसते वाईट इंधन मिळत नसते, बिनवंगणाचे इंधन मिळत असते. अशा वेळी थ्रॉटल पिळून रेटत राहणे म्हणजे पिस्टन जाम करून घेणे आहे. थांबावे, कॉक बंद करावा, पाइप काढून तळाचे पेट्रोल बाटलीत सोडून द्यावे. एवढ्यासाठी मी डिकीत रिकामी बाटली ठेवतो.

टाकीत पाणी आले कोठून, हे शोधताना झाकणाचे रबर कडक होऊन चिरलेले सापडले. प्रियाचे झाकण पुढच्या सीटखाली असते. सीटवरून ओघळलेले पाणी त्याच्या भोवती साचते आणि इंजिन पेट्रोल ओढत असताना झाकणाच्या श्वासाच्या भोकातून हवेबरोबर आत जाते. रबर नवे घातले, सीटखालची जागा रोज पुसायची सवय लावली, आणि भर सरीत पंपावर झाकण उघडायचे टाळू लागलो; टाळता आले नाही तर पंपावरच्या मुलाला छत्री धरायला सांगतो. टाकी अर्धी रिकामी ठेवली तर वरच्या दमट हवेतली वाफ रात्री पत्र्यावर थिजते, म्हणून पावसाळ्यात ती भरलेली ठेवतो. मात्र हे रोज चालणाऱ्या गाडीसाठी आहे. महिन्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या स्कूटरची टाकी भरून ठेवण्यापेक्षा कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवावे.

कार्बोरेटर उघडला तेव्हा फ्लोटच्या कप्प्यात पांढरी पूड होती. जस्ताच्या मिश्रधातूचा भाग ओलसर इथेनॉलमध्ये दिवसेंदिवस राहिला की असेच होते, आणि हीच पूड जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात, अडकते. जेट तारेने कोरू नये, भोक मोठे होते. हवेच्या फुंकरीने साफ करावे. कार्बोरेटरच्या डब्याला चॅसिसशी जोडणारी रबरी बेलो (घड्या असलेली हवेची नळी) एका घडीत फाटलेली होती. मागच्या चाकाने उडवलेले पाणी त्या फटीतून हवेबरोबर आत जात होते. हा भाग स्वस्त आहे, पण तो बदलायला हात फार वाकडे करावे लागतात, म्हणून बहुधा कोणी बघत नाही.

येथे एका सर्रास सल्ल्याविषयी लिहायला हवे. पावसाळ्यात हवा दमट होते, म्हणून जेट बदलावा किंवा हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा मिक्स्चरचा स्क्रू फिरवावा, असे पुष्कळ जण सांगतात. देशावर त्यात तथ्य असेल, कारण तेथे मेमधली हवा कोरडी ठणठणीत असते. किनाऱ्यावर हिशेब वेगळा आहे. मे महिन्यात ३२ अंशांना ७० टक्के आर्द्रता आणि जुलैत २७ अंशांना ९० टक्के आर्द्रता, या दोन्ही हवांमध्ये वाफेचे प्रमाण जवळजवळ सारखेच, म्हणजे साधारण तीन टक्क्यांच्या थोडे वर निघते. विज्ञानाचा मास्तर असल्याने हे गणित मी नववीच्या फळ्यावरच मांडले आणि मुलांनी ते सोडवून दिले. त्यानंतर स्क्रूला हात लावला नाही.

चालवण्याची पद्धत थोडी बदलावी लागली. उतारावर थ्रॉटल पूर्ण मिटून गाडी सोडली की पेट्रोलबरोबर वंगणही तुटते, म्हणून आरे-वारेच्या उतारावर मधूनमधून थ्रॉटल उघडतो. रस्त्यावर पाणी साचले असेल तर पहिल्या गिअरमध्ये, आवाज चढा ठेवून, न थांबता पार होतो, म्हणजे सायलेन्सरमधून पाणी उलटे येत नाही. पाणी पायठाणाच्या पत्र्याला लागेल असे दिसले तर मी जातच नाही, कारण तेव्हा फ्लायव्हीलचा पंखाच पाणी उचलून प्लगवर मारतो. पाण्यात बंद पडलेल्या स्कूटरला तेथेच किक मारू नये. बाहेर ढकलावी, प्लग काढावा, कॉक बंद ठेवून थ्रॉटल पूर्ण उघडून किक मारावी आणि आतले सगळे बाहेर फेकू द्यावे, मग कोरडा प्लग लावावा. सुका प्लग आणि प्लगचा पाना मी प्लास्टिकच्या डबीत सीटखाली ठेवतो. स्कूटर एका बाजूला तिरकी करून मग किक मारायची आपल्याकडची जुनी सवय थंडीतल्या सकाळी चालेल. पावसात प्लग आधीच ओला असतो, त्यावर आणखी पेट्रोल ओतून काही साधत नाही.

शेवटचा मुद्दा पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवण्याचा. बजाजने पुढे चेतकला ते दिलेच, आणि तसा संच जुन्या स्कूटरवर बसवून देणारे मेस्त्रीही सापडतात. ओल्या हवेत त्याची ठिणगी अधिक जोरकस पडते आणि साफ करायला पॉइंटच नसतात, हे मान्य करावेच लागते. नवी वायर, नवी कॅप आणि स्वच्छ स्विच यांची गरज मात्र त्यालाही तितकीच असते. चाचांनी दोन्ही बाजू सांगितल्या आणि निर्णय माझ्यावर सोडला. मी पॉइंटच ठेवले आहेत. नेवऱ्याच्या पुढे गाडी बंद पडली तर पॉइंट पुठ्ठ्याने पुसून घरी येता येते. इलेक्ट्रॉनिक डबी गेली तर दुसरी डबी मिळेपर्यंत टेंपो शोधावा लागतो. यंदाच्या आगोटीत घरात सुकी मासळी आणि तांदूळ भरताना मी एक कंडेन्सर (पॉइंट उघडताना त्यांच्यावर ठिणगी उडू न देणारा भाग), एक पॉइंटचा संच, झाकणाचे रबर आणि हातभर प्लगची वायर आणून ठेवली आहे. कंडेन्सर जुन्या साठ्यातला मिळाला, म्हणून तो घेण्याआधी चाचांकडून स्कूटरवर लावून पाहिला.